ढेकराचा हिशेब

नोव्हेंबर २०२४ मध्ये डेन्मार्कच्या संसदेतल्या बहुसंख्य पक्षांचे एका करावर एकमत झाले. गायी आणि डुकरे हवेत जे हरितगृह वायू सोडतात, त्यावर तिथल्या शेतकऱ्याने २०३० पासून टनामागे ३०० क्रोनर भरायचे. २०३५ मध्ये हा दर ७५० क्रोनर होणार. जनावरांच्या उत्सर्जनावर कर घेण्याचे ठरवणारा हा जगातला पहिला देश. आकडा जबर वाटतो, पण त्यात ६० टक्के सूट आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून प्रत्यक्षात १२० आणि पुढे ३०० क्रोनर जाणार, आणि जमा झालेली रक्कम शेतीच्याच सुधारणांसाठी परत येणार. हे तपशील मथळ्यात मावत नाहीत. मथळा एवढाच, की गायीच्या वातावर कर. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये उत्तर प्रदेश सरकारनेही गायीच्या नावाने अर्धा टक्का उपकर लावला होता, मोकाट गुरांसाठी निवारे उभारायला. एकीकडे गाय पाळली म्हणून मालकावर कर, दुसरीकडे गायीला मालकच उरला नाही म्हणून बाकीच्यांवर. गुरे आणि हवामान या विषयावर जगभर जी वादावादी चालते, तीत शब्द सारखेच असले तरी गाय प्रत्येकाची निराळी असते. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मथळ्यातली एक चूक आधी दुरुस्त करू. गुरांचा मिथेन जवळजवळ सगळा, सुमारे ९५ टक्के, तोंडावाटे बाहेर पडतो. ढेकर हा त्याचा मार्ग. गाय-म्हैस गवताचा आणि कडब्याचा जो चोथा खाते, तो आपल्या पोटात गेला तर तसाच बाहेर येईल. तिच्या पोटाचा पहिला आणि सगळ्यांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव हा चोथा आंबवतात, तेव्हा कुठे तिला त्यातून ताकद मिळते. आंबवताना हायड्रोजन सुटतो. तो साठून राहिला तर आंबणेच थांबेल. म्हणून आर्किया गटातले काही सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात आणि गाय तो ढेकर देऊन मोकळी होते. या व्यवहारात तिने खाल्लेल्या चाऱ्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा हवेत जाते. चारा जितका निकृष्ट आणि तंतुमय, तितकी ही गळती मोठी. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्यावर उभे आहे: ढेकर हे हवेचे नुकसान आहेच, पण त्याआधी ते वैरण विकत घेणाऱ्याचे नुकसान आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की गाय काही जमिनीतून कोळसा उकरून जाळत नाही. गवताने हवेतून कार्बन घेतला, गायीने गवत खाल्ले, कार्बन परत हवेत गेला. त्यात वाढले काय? हा मुद्दा निम्मा खरा आहे. गवत कार्बन डायऑक्साइड घेते आणि गाय त्यातला काही कार्बन मिथेन करून परत देते. फरक तिथे पडतो. मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, मग त्याचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो. पण शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर तो वजनास वजन सत्तावीसपट उष्णता अडवतो आणि वीस वर्षांचा धरला तर सुमारे ऐंशीपट. कोळशाच्या धुराचे पाप शतकानुशतके फेडावे लागते. मिथेनचे तसे नाही. आजचा ढेकर बंद झाला तर त्याचा परिणाम एका पिढीच्या आत दिसतो.

याच गुणधर्माचा आधार घेऊन ऑक्सफर्डच्या काही शास्त्रज्ञांनी २०१८ च्या सुमारास मिथेन मोजण्याची निराळी रीत मांडली. एखाद्या देशातला गुरांचा कळप वर्षानुवर्षे तेवढाच राहिला, तर जेवढा मिथेन नव्याने सुटतो जवळपास तेवढाच जुना विरतो. म्हणजे तो कळप तापमान चढे ठेवतो खरा, पण आणखी फारसे वाढवत नाही. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. मात्र न्यूझीलंड आणि आयर्लंडमधल्या शेतकरी संघटनांना ही रीत एकदम का आवडली, हेही समजण्यासारखे आहे. ज्याने आधीच मोठा कळप उभा केला त्याची मागची बाकी माफ होते, आणि जो आता कुठे दोन गायी घेतो आहे तो गुन्हेगार ठरतो. चाळीस वर्षांपूर्वी ज्याने सार्वजनिक विहिरीवर मोठी मोटर बसवली, त्याचा उपसा वाढत नाही म्हणून त्याला शाबासकी द्यावी, तसे हे.

आकड्यांचे भांडणही याच जातीचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ मध्ये अहवाल काढला, की जगाच्या हरितगृह उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा १८ टक्के, म्हणजे वाहतुकीपेक्षाही जास्त. झाले, हे वाक्य जगभर पसरले. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक फ्रँक मिटलोनर यांनी दाखवून दिले, की गुरांच्या खात्यात तोडलेल्या जंगलापासून खतापर्यंत सगळे धरले होते आणि वाहनांच्या खात्यात मात्र फक्त जळालेल्या इंधनाचा धूर. अहवालाच्या एका लेखकाने २०१० मध्ये ही चूक मान्यही केली. (मिटलोनर यांच्या केंद्राला पशुधन उद्योगाकडून पैसा मिळतो हे पुढे उघड झाले; त्याने त्यांचा हा मुद्दा खोटा ठरत नाही, आणि मुद्दा खरा होता म्हणून पैशाचा प्रश्नही मिटत नाही.) त्याच संघटनेचा आकडा २०१३ मध्ये साडेचौदा टक्के झाला आणि २०२३ मध्ये १२. मध्यंतरी २००९ मध्ये एका अमेरिकी मासिकात ५१ टक्के असाही आकडा आला. त्यात गुरांचा श्वाससुद्धा धरला होता. मांसाहाराच्या विरोधकांनी ५१ उचलला, मांस-उद्योगाने १८ ची चूक उचलली, आणि दोघांनीही १२ टक्क्यांचे काय करायचे हे सांगितले नाही. बारा टक्के म्हणजे वर्षाला सहा अब्ज टनांहून जास्त. ही बाब किरकोळ नाही आणि ऊर्जेच्या धुरापुढे सगळ्यांत मोठीही नाही. एवढे मान्य केले की आकड्याचे काम संपते. ते सहा अब्ज टन कमी कोणी करायचे, हा प्रश्न आकडा सोडवत नाही.

तो प्रश्न भारतातूनच नीट विचारला गेला होता. अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने १९९० च्या सुमारास देशांची क्रमवारी लावून भारताला मोठ्या प्रदूषकांत बसवले. त्यावर दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये एक छोटे पुस्तक लिहून झोड उठवली. बंगालच्या भातखाचरातला किंवा गरिबाच्या गोठ्यातला मिथेन आणि अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांचा धूर एका तागडीत कसे घालता, असा त्यांचा सवाल होता. जगण्यासाठीचे उत्सर्जन वेगळे, चैनीचे वेगळे. हाच युक्तिवाद तीस वर्षांनी सरकारी धोरण झाला. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत शंभराहून अधिक देशांनी मिथेन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवण्याचा संकल्प केला. भारताने सही केली नाही. संसदेत कारण दिले गेले ते असे: आपला मिथेन मुख्यतः जनावरांच्या पोटातून आणि भातशेतीतून येतो, म्हणजे लहान शेतकऱ्याच्या पोटापाण्याशी तो बांधलेला आहे, आणि कार्बन डायऑक्साइडचे ओझे मिथेनवर ढकलण्याची ही चाल आहे.

सही न करणे योग्यच होते असे माझे मत आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला शंभर किलोहून जास्त मांस लागते, आपल्याकडे पाच-सहा किलोच्या आसपास. तिकडच्या ताटातून एक तुकडा कमी झाला तर कोणाचे कुपोषण होत नाही. त्या तुकड्यामागे मका आणि सोयाबीनची शेते आहेत, आणि ब्राझीलमध्ये तर कुरणांसाठी तोडलेले जंगल आहे. आपली म्हैस कडबा, गव्हाचा भुसा, उसाचे वाढे आणि सरकी पेंड खाते, म्हणजे माणसाला न खाता येणाऱ्या गोष्टी, आणि त्याबदल्यात दुधाखेरीज शेण, खत आणि अडीअडचणीला विकता येईल अशी ठेव देते. हा सगळा संसार फक्त दुधाच्या लिटरवर मोजणे अन्यायाचे आहे. पण अग्रवाल-नारायण यांचा युक्तिवाद दुसऱ्याने आपल्यावर जबरदस्ती करू नये यासाठी होता. आपण आपल्या गोठ्याकडे पाहूच नये, असा त्याचा अर्थ सोयीने लावला गेला आहे. गरिबाचा मिथेन जगण्यासाठीचा असेल, तर त्यातला किती खरोखर जगवतो आणि किती फुकट जातो, हे पाहणे त्या गरिबाच्याच हिताचे.

शाकाहाराची ढालही इथे चालत नाही. आपण गोमांस खात नाही म्हणून या हिशेबातून सुटलो, असे अनेकांना वाटते. पण भारत हा जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक आहे, आणि ढेकर देताना जनावर पुढे दूध देणार की मांस हे ठरवत नाही. किलोमागे पाहिले तर चीजचे उत्सर्जन कोंबडीच्या मांसापेक्षा जास्त भरते. दूध आटवून जे काही करावे, त्यात मूळ दुधाचे सगळे मिथेन एकवटते. म्हणून दूध सोडा, असा शहरी उपदेश करणाऱ्यांनी मात्र एवढे पाहावे, की ज्या घरात अंडीही येत नाहीत आणि डाळ पातळ होते, त्या घरातल्या मुलाचा चांगल्या प्रथिनांचा तो एकच आधार असतो. दूध तोडून हा प्रश्न सुटणार नाही. दुधामागचे जनावर आणि त्याची वैरण यांच्याकडेच जावे लागते.

आणि तिथे आपल्या हातून, बऱ्याच अंशी नकळत, एक मोठी गोष्ट घडून गेली आहे. १९९२ च्या पशुगणनेत देशात २० कोटींच्या वर गोवंश होता. २०१९ मध्ये तो १९ कोटींच्या थोडा वर राहिला. म्हशी साडेआठ कोटींवरून अकरा कोटींच्या घरात गेल्या. १९९२ पासून २०२३-२४ पर्यंत दूध मात्र वर्षाला साडेपाच कोटी टनांवरून जवळपास २४ कोटी टनांवर पोहोचले. जनावर दुपटीने दुधाळ झाले म्हणून त्याचा ढेकर दुप्पट होत नाही. त्यामुळे लिटरमागचा मिथेन खूप उतरला असणार. हे कोणत्या हवामान परिषदेने केले नाही. ते ट्रॅक्टरने केले, कारण त्याने बैल हटवला. सहकारी दूध संघांनी केले. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला उभ्या केलेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांनी केले, ज्यांनी कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेले.

देशी गायीचा कैवार घेणारे इथे हरकत घेतील, आणि त्यांच्या हरकतीत तथ्य आहे. खिल्लार, डांगी ही जनावरे मुळात कामासाठी घडवलेली. डांगी बैल अकोले-इगतपुरीच्या पावसात चिखल तुडवतो, तिथे होल्स्टिनचे खूर सडतात. अंगाने लहान, खाणे कमी, त्यामुळे देशी गायीचा दिवसाचा मिथेनही संकरित गायीपेक्षा कमी. पण देशी-गावठी गाय सरासरी तीन-चार लिटर देते आणि संकरित आठच्या आसपास. लिटरमागे हिशेब उलटतो. म्हणजे कोणती गाय हवामानाला बरी, याचे उत्तर ती कशासाठी पाळली आहे यावर ठरते. जिथे बैलाची शेती अजून आहे तिथे देशी गाय राखावी. दुधाच्या पट्ट्यात तिला दुधासाठी ठेवून वर ती पर्यावरणपूरक आहे म्हणणे, ही भावना झाली, हिशेब नव्हे.

आता या यशाची दुसरी बाजू, जिच्याबद्दल दोन्हीकडचे लोक गप्प असतात. वासरे जन्मतात ती निम्मी नर, निम्मी मादी. २०१९ च्या गणनेत गोवंशातल्या माद्या साडेचौदा कोटी आणि नर पावणेपाच कोटींच्या आसपास. सात वर्षांत नरांची संख्या ३० टक्क्यांनी घटली. मग बाकीचे गोऱ्हे गेले कुठे? ट्रॅक्टर आल्यावर त्यांना काम उरले नाही आणि संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसल्याने जू नीट बसत नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होती. मार्च २०१५ मध्ये दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही बंदी कायम ठेवली. भाकड जनावराचा बाजारभाव कायद्याने शून्याच्या जवळ आणला, पण त्याची भूक कमी केली नाही. मग वासराला आईचे दूध तोडले जाते, ते मरते. किंवा रात्री दावे सोडले जाते. २०१९ मध्ये देशात मोकाट गुरे पन्नास लाखांवर मोजली गेली. २०१२ ते २०१९ या काळात महाराष्ट्रातला गोवंश दहा टक्क्यांनी घटला. त्यात दुष्काळाचा हात आहे, पण जे जनावर पुढे विकता येणार नाही ते घ्यायला शेतकरी कचरतो, हेही उघड आहे.

कत्तलबंदीचा वाद श्रद्धेचा आणि राजकारणाचा आहे. मिथेनच्या काट्यावर तो तोलला जाणार नाही, आणि हवामानाचे नाव घेऊन तो कोणी तोलू पाहील तर हवामानाचेच नाव खराब होईल. पण कायदा करणाऱ्याने त्याच्या खर्चाची बाजू मांडायला हवी. गाय म्हातारी झाली तरी पाच-सात वर्षे वैरण खाते, ढेकर देते. ती वैरण दुभत्या जनावराच्या तोंडातून काढलेली असते, निदान दुष्काळी तालुक्यात तरी. हा भार आज कोणाच्याच खात्यावर नाही. हवामानाच्या अहवालात तो ‘जगण्यासाठीचे उत्सर्जन’ या शब्दांखाली झाकला जातो.

वैरणीच्या बाबतीत मार्ग सोपा आहे आणि बराचसा माहीतही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा कार्यक्रम गावोगाव राबवला: गोठ्यात जे आहे त्यातच पेंड, मुरघास, खनिज मिश्रण यांचे प्रमाण जुळवायचे. त्याने खर्च घटतो, दूध थोडे वाढते आणि लिटरमागचा मिथेन उतरतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केले. त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो असा संस्थेचा दावा आहे. युरोपात २०२२ साली मान्य झालेले रासायनिक पूरक दुधाळ गायीत सुमारे ३० टक्के घट दाखवते, पण ते प्रत्येक घासात मिसळावे लागते. दिवसभर माळावर चरणाऱ्या गायीला ते कसे देणार? शिवाय ब्रिटनमध्ये २०२४ अखेर एका मोठ्या दुग्धसंघाने त्याची चाचणी जाहीर करताच लोकांनी दूध मोरीत ओतल्याच्या चित्रफिती टाकल्या. नियामकांची मान्यता होती, तरी विश्वास नव्हता.

‘लिटरमागे’ हा शब्द ऐकताच एक जाणता आक्षेप येतो: कार्यक्षमता वाढली की उत्पादन वाढते आणि एकूण मिथेन कमी होतच नाही. आपलीच आकडेवारी याला साक्ष आहे. दूध चौपट झाले, मिथेन काही निम्मा झाला नाही. हे मान्य. पण पर्याय काय, तेही पाहावे. तेच २४ कोटी टन दूध १९९२ च्या जनावरांकडून काढायचे, तर कळप तिपटी-चौपटीने वाढवावा लागला असता. दूध लागणारच असेल, तर कमी आणि चांगल्या जनावरांकडून घेणे हाच घट करण्याचा पहिला टप्पा. पुढचा टप्पा, म्हणजे एकूण मागणीला आवर, हा ज्यांची माणशी मागणी आधीच दांडगी आहे त्यांनी आधी गाठावा. न्यूझीलंडचे निम्मे उत्सर्जन शेतीतून होते. तिथे २००३ मध्ये असा कर निघताच एका खासदाराने संसदेच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढवला आणि कर बारगळला. २०२२ मध्ये पुन्हा योजना आली, २०२४ मध्ये नव्या सरकारने ती मागे घेतली. डेन्मार्कमध्ये ती टिकली, कारण शेतकरी संघटना आणि पर्यावरणवादी वाटाघाटीच्या एकाच टेबलाशी बसले होते आणि पैसा कुठे परत येणार हे आधी ठरले होते. आपल्याकडे कराचा प्रश्नच येत नाही. ज्याला दुधाचा दर परवडत नाही त्याच्या ढेकरावर कर बसवणे हा विनोद होईल.

महाराष्ट्रात २०२४ च्या एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. ३० सप्टेंबरला राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला पन्नास रुपयांचे अनुदान ठरवले. पाच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते लिंगनिर्धारित रेतमात्रेचे देशी तंत्र सुरू झाले, ज्याने मात्रेची किंमत सुमारे दोनशे रुपयांनी उतरेल असे सांगितले गेले. या मात्रेने दहापैकी नऊ वेळा कालवडच जन्मते. पहिली योजना जन्मलेल्या जनावराचा सांभाळ करते. दुसरी, ज्या गोऱ्ह्याला काम नाही आणि गिऱ्हाईकही नाही, तो जन्मालाच येऊ नये अशी तजवीज करते. एक रोजची पन्नास रुपयांची वैरण आहे, वर्षाला अठरा हजार; दुसरी काही शेकड्यांची मात्रा. मात्र कालवडच होणार म्हणून गाय गाभण राहतेच असे नाही. या मात्रेचे यश साध्या मात्रेपेक्षा कमी असते. दोन-तीनदा गाय उलटली तर तो खर्च आज शेतकऱ्याच्या अंगावर पडतो, आणि मग तो पुन्हा साध्या मात्रेकडे वळतो.